मोबाइलमधल्या व्हिडिओची डीव्हीडी घरच्या संगणकावर कशी तयार करावी

लग्न असो, भजन सप्ताह असो की दिवाळीनंतरच्या मंडईतली (गावच्या जत्रेतली) दंडार म्हणजे नाचगाण्याचे लोकनाट्य, आता सारे चित्रीकरण मोबाइलवर किंवा मेमरी कार्डावर होते आणि एमपी-४ फाइलच्या रूपात आपल्या हाती येते. मात्र आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, अनेक घरांत टीव्हीखाली अजूनही डीव्हीडी प्लेअर ठेवलेला असतो, आणि घरातल्या आबाजींना व आजीला तोच चालवता येतो. नातीच्या लग्नाची डिस्क त्यांना स्वतःच्या हाताने लावून पाहता यावी, यासाठी हे काम शिकून घेण्यासारखे आहे. मी ते गावात नातेवाइकांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी बरीच वर्षे करत आलो आहे. नव्याने करणाऱ्याला ज्या ठिकाणी हमखास अडायला होते, त्या जागा येथे क्रमाने सांगतो.

एमपी-४ फाइल कोऱ्या डिस्कवर कॉपी केली की डीव्हीडी तयार झाली, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे, आणि या कामातल्या बहुतेक अडचणी त्यातूनच निर्माण होतात. तशी डिस्क संगणकावर उघडते, पण साध्या प्लेअरवर लागत नाही. प्लेअरला डीव्हीडी-व्हिडिओ नावाच्या ठरलेल्या प्रमाणातलीच डिस्क समजते. या प्रमाणात चित्र एमपेग-२ पद्धतीने दाबलेले असते. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत त्याचा आकार ७२०×५७६ आणि वेग सेकंदाला २५ फ्रेम असतो. आवाज ४८ किलोहर्ट्झचा, बहुधा एसी-३ पद्धतीचा असतो, आणि हे सारे 'व्हिडिओ_टीएस' नावाच्या फोल्डरमध्ये व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी या तीन प्रकारच्या फाइलींत मांडलेले असते. यातले एकही अंग चुकले तरी प्लेअर डिस्क नाकारतो किंवा मध्येच थांबतो. काही प्लेअरवर डिव्हएक्सचे चिन्ह असते. त्यांना जुन्या पद्धतीच्या एव्हीआय फाइली थेट चालतात, पण आजच्या मोबाइलची एमपी-४ फाइल त्या चिन्हाच्या भरवशावर चालेल असे धरून चालू नये.

१. आधी साहित्य जमवा

• डीव्हीडी रायटर. नव्या लॅपटॉपमध्ये तो नसतो. अशा वेळी यूएसबीचा बाहेरचा रायटर घ्यावा आणि तो हबला न जोडता थेट संगणकाला जोडावा, कारण कमी वीज मिळाली की राइट करताना डिस्क वाया जाते.
• ४.७ जीबीच्या कोऱ्या डिस्क. डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर असे दोन प्रकार मिळतात. जुने प्लेअर बहुधा डीव्हीडी-आर अधिक सहज वाचतात, म्हणून दुसऱ्याच्या घरी द्यायची डिस्क असेल तर तीच घ्यावी. चाचणीसाठी एखादी पुन्हा पुन्हा राइट करता येणारी डीव्हीडी-आरडब्ल्यू जवळ असू द्यावी.
• संगणकावर किमान १५ ते २० जीबी मोकळी जागा. मूळ फाइल, रूपांतरित फाइल आणि डिस्कची प्रतिमा (सगळी डिस्क जशीच्या तशी साठवणारी एक फाइल, म्हणजेच आयएसओ) अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी साठवाव्या लागतात.
• डीव्हीडीस्टायलर (डीव्हीडीची मांडणी करण्यासाठी), मीडियाइन्फो (फाइल तपासण्यासाठी), व्हीएलसी (पाहण्यासाठी), हँडब्रेक (फाइल दुरुस्त करण्यासाठी) आणि इमगबर्न (डिस्क राइट करण्यासाठी) हे प्रोग्राम. हे पाचही विनामूल्य मिळतात.
• इन्व्हर्टर किंवा यूपीएस, अथवा बॅटरी चांगली असलेला लॅपटॉप.

गावात नेटवर्क कमकुवत असेल तर हे प्रोग्राम तालुक्याच्या ठिकाणी उतरवून पेनड्राइव्हवर आणावेत. ते ज्या त्या प्रोग्रामच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावेत, आणि बसवताना प्रत्येक पडदा वाचावा. विनामूल्य प्रोग्रामच्या सोबत नको असलेली इतर साधनेही बसवली जातात, त्यांच्यासमोरची खूण आधी काढून टाकावी.

येथे आणखी एक गैरसमज दूर करतो. हँडब्रेक हा उत्तम प्रोग्राम आहे, पण तो डीव्हीडी तयार करत नाही. त्याचे काम एका व्हिडिओ फाइलीतून दुसरी व्हिडिओ फाइल करण्याचे आहे, आणि आपल्याला तो फक्त तिसऱ्या टप्प्यातल्या एका दुरुस्तीसाठी लागणार आहे.

२. मूळ फाइल मिळवा, व्हॉट्सअॅपवरची नको

ज्याने चित्रीकरण केले त्याच्या मोबाइलमधून फाइल केबलने किंवा मेमरी कार्डाने घ्यावी. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबून लहान केलेली असते, तिच्यातला तपशील कायमचा गेलेला असतो आणि डीव्हीडीवर चढवल्याने तो परत येत नाही. छोट्या पडद्यावर ती ठीक दिसते, पण टीव्हीवर चेहऱ्यांच्या जागी चौकडी दिसू लागते. पाठवण्याखेरीज मार्गच नसेल तर ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावे.

फाइलींची नावे इंग्रजी अक्षरांत, लहान आणि मोकळी जागा न सोडता ठेवावीत. मराठी नावामुळे काही प्रोग्राम फाइल उघडतच नाहीत, आणि चूक कोठे आहे हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

दंडार, नाटक किंवा कीर्तन यांचे चित्रीकरण असेल तर मंडळाची परवानगी घेतल्याशिवाय प्रती वाटू नयेत. विशेषतः झाडीपट्टीतल्या नाटक मंडळ्यांचे पोट प्रयोगांवर चालते. ज्या नाटकाची डिस्क घरोघर फिरते, त्याच्या पुढच्या प्रयोगाच्या तिकीटविक्रीला फटका बसतो.

३. फाइल तपासा

मीडियाइन्फोमध्ये फाइल उघडा आणि चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: एकूण वेळ, चित्राचा आकार, फ्रेमचा वेग आणि तो वेग स्थिर आहे की बदलता. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. मोबाइल उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमीजास्त करतो. मीडियाइन्फोमध्ये त्यापुढे 'व्हेरिएबल' असे लिहिलेले दिसते. अशी फाइल थेट डीव्हीडीसाठी वापरली तर सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, पण पुढे पुढे आवाज मागे पडत किंवा पुढे सरकत जातो. मंगलाष्टके संपून टाळ्या वाजल्या तरी पडद्यावर अक्षता पडतच असतात.

यावर उपाय सोपा आहे. हँडब्रेकमध्ये फाइल उघडून फ्रेमरेटच्या ठिकाणी ३० हा आकडा आणि 'कॉन्स्टंट' हा पर्याय निवडावा, गुणवत्ता उंच ठेवावी आणि नवी एमपी-४ फाइल तयार करावी. पुढचे सारे काम या नव्या फाइलीवर करावे. मूळ फाइल मात्र जपून ठेवावी, ती कधीही पुसू नये.

मोबाइलने एचइव्हीसी म्हणजेच एच.२६५ पद्धतीने चित्रीकरण केले असेल तर जुना संगणक फार हळू चालेल. काम होते, फक्त वेळ लागतो. पुढच्या कार्यक्रमाआधी मोबाइलच्या कॅमेऱ्यात एच.२६४ ही जुनी पद्धत निवडून ठेवली तर हा त्रास वाचतो. लग्नाच्या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यातून आलेली फाइल 'इंटरलेस्ड' असू शकते, म्हणजे तिची प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत, फील्डमध्ये, टिपलेली असते. तशी असेल तर मीडियाइन्फोमध्ये दिसणारा फील्डचा क्रम डीव्हीडीस्टायलरमध्येही तोच ठेवावा, नाहीतर हलणाऱ्या हातापायांच्या कडा थरथरताना दिसतात.

४. पाल की एनटीएससी, ते ठरवा

भारतासाठी पाल हेच नेहमीचे उत्तर आहे. मात्र मोबाइलचे चित्रीकरण बहुधा सेकंदाला ३० फ्रेमचे असते आणि पालमध्ये २५ बसतात, म्हणजे दर सेकंदाला पाच फ्रेम गळतात. बसून गायलेल्या भजनात ते कळत नाही, पण दंडारीतल्या नाचात किंवा शंकरपटातल्या धावत्या बैलजोडीत हालचाल अडखळताना स्पष्ट दिसते. अशा चित्रीकरणासाठी एनटीएससी ही अमेरिकेतली टीव्ही-चित्राची पद्धत निवडण्याचा विचार करावा, कारण तिचा वेग २९.९७ फ्रेम म्हणजे मोबाइलच्या अगदी जवळचा आहे. चित्राच्या ओळी ५७६ ऐवजी ४८० होतात, हे तिचे नुकसान. आपल्याकडे विकले गेलेले बहुतेक प्लेअर दोन्ही पद्धती वाचतात, पण खूप जुना टीव्ही असेल तर चित्र काळेपांढरे दिसते किंवा लोळते. ज्या घरी डिस्क जायची तिथला टीव्ही आणि प्लेअर माहीत नसेल, तर पालच निवडावी.

५. बिटरेटचा हिशेब स्वतः करा

डीव्हीडीस्टायलर हा हिशेब आपोआपही करतो, पण तो स्वतःला कळला पाहिजे, कारण एका डिस्कवर किती कार्यक्रम घ्यावा हा निर्णय त्यावर अवलंबून असतो. बिटरेट म्हणजे चित्राच्या एका सेकंदाला डिस्कवर मिळणारी जागा. डिस्क ठरलेल्या मापाची आहे, त्यामुळे कार्यक्रम जितका लांब तितकी प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला जागा कमी येते.

४.७ जीबीची डिस्क म्हणजे ४.७ अब्ज बाइट. संगणक हेच माप ४.३८ जीबीच्या आसपास दाखवतो, कारण त्याची मोजण्याची पद्धत वेगळी आहे. डिस्क कमी मापाची निघाली असे समजू नये. या बाइटांना ८ ने गुणले की ३ कोटी ७६ लाख किलोबिट होतात. समजा, दंडार अडीच तासांची आहे, म्हणजे ९,००० सेकंदांची. भागाकार केला की सेकंदाला सुमारे ४,१७० किलोबिट येतात. त्यातून मेनू आणि इतर गोष्टींसाठी पाच टक्के राखून ठेवावेत आणि आवाजाचे २२४ किलोबिट वजा करावेत. चित्रासाठी साधारण ३,७०० उरतात.

याच रीतीने दोन तासांच्या कार्यक्रमाला सुमारे ४,७०० मिळतात आणि तीन तासांच्या कार्यक्रमाला सुमारे ३,०००. एका तासाच्या कार्यक्रमाला हिशेबाने दहा हजारांच्या आसपास येतात, पण डीव्हीडीत चित्राची कमाल मर्यादा ९,८०० आहे, आणि घरी राइट केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर त्या मर्यादेजवळ अडखळतात. म्हणून ८,००० च्या वर जाऊ नये.

माझे मत असे की ३,००० च्या खाली उतरण्यापेक्षा कार्यक्रम दोन डिस्कवर विभागावा. रात्रीच्या चित्रीकरणाला तर ही मर्यादा आणखी वर धरावी. हॅलोजनच्या उजेडात मोबाइलने टिपलेल्या चित्रात अंधाऱ्या भागात बारीक दाणे सळसळत असतात, आणि एमपेग-२ पद्धत त्या दाण्यांवरच पुष्कळ जागा खर्च करते. मग नटाच्या चेहऱ्यासाठी जागा उरत नाही. मंडईतला रात्रभराचा कार्यक्रम एका डिस्कवर कोंबण्याचा आग्रह लोक करतात. त्यांना हे समजावून सांगावे आणि मध्यंतराच्या ठिकाणी डिस्क तोडावी. साडेआठ जीबीची दोन थरांची डिस्कही मिळते, पण ती महाग असते आणि अनेक जुन्या प्लेअरवर थर बदलताना अडते.

६. डीव्हीडीस्टायलरमध्ये मांडणी करा

प्रोग्राम उघडताच नव्या प्रकल्पाची चौकट येते. तिच्यात डिस्कचे नाव इंग्रजी अक्षरांत लिहावे, आकार ४.७ जीबी ठेवावा, बिटरेट वर काढलेला टाकावा, पाल किंवा एनटीएससी निवडावे आणि आवाजासाठी एसी-३ घ्यावे. चित्राच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणासाठी ४:३ आणि १६:९ असे पर्याय दिसतात. आडव्या धरलेल्या मोबाइलचे चित्र १६:९ असते, म्हणून तोच पर्याय घ्यावा, घरचा टीव्ही जुना चौकोनी असला तरीही. चौकोनी टीव्हीला जुळवून घेण्याचे काम प्लेअरचे आहे. आपण चित्र ओढूनताणून ४:३ केले तर नवरा-नवरी लांबट दिसतात आणि पुढे नवा टीव्ही आला तरी ती खोड जात नाही.

त्यानंतर फाइली खालच्या पट्टीत क्रमाने ओढून आणाव्यात. प्रत्येक फाइलीच्या गुणधर्मांत जाऊन मूळ प्रमाण कायम ठेवण्याची खूण आहे ना, हे पाहावे. उभा मोबाइल धरून केलेले चित्रीकरण असेल तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील. ते येऊ द्यावेत, चित्र पसरवू नये. लांब फाइलीत दर दहा मिनिटांनी किंवा हळद, मिरवणूक, लग्न, पाठवणी अशा टप्प्यांवर चॅप्टर घालावेत, म्हणजे रिमोटच्या 'नेक्स्ट' बटणाने हवे तिथे जाता येते. आजीसाठी याची सोय फार मोठी आहे.

मेनूवर मराठी मजकूर लिहिताना जोडाक्षरे तुटलेली दिसली, तर तो तिथे टंकित करू नये. संगणकावरच्या चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये मजकुरासह एक चित्र तयार करावे आणि तेच मेनूची पार्श्वभूमी म्हणून लावावे. जुने टीव्ही चित्राच्या कडा कापतात, म्हणून अक्षरे चारही बाजूंनी साधारण दहावा हिस्सा आत ठेवावीत. बटणे मोठी आणि थोडी असावीत.

७. आधी आयएसओ प्रतिमा करा, डिस्क नंतर

राइट करण्याच्या चौकटीत थेट डिस्क मारण्याचा पर्याय असतो, पण तो घेऊ नये. 'आयएसओ इमेज' तयार करण्याचा पर्याय निवडावा. रूपांतर हे लांबलचक काम आहे, जुन्या संगणकावर कार्यक्रमाच्या दुप्पट वेळही लागू शकतो, आणि त्यात काही बिघडले तर आयएसओ करताना केवळ वेळ जातो, डिस्क जात नाही. तयार झालेली आयएसओ फाइल व्हीएलसीमध्ये उघडून मेनूची बटणे दाबून पाहावीत. सुरुवात, मध्य आणि शेवटची पाच मिनिटे पाहून आवाज जुळतो का याची खात्री करावी. शेवटची पाच मिनिटे तर टाळूच नयेत, कारण आवाज सरकला असेल तर तो तिथेच सर्वांत जास्त सरकलेला असतो.

हे काम उन्हाळ्यात पहाटे लावावे. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी टिनाखालच्या खोलीत संगणक तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालवला तर तो तापून आपोआप बंद पडतो. त्यावर उपाय म्हणून तो कूलरच्या थेट झोतात ठेवण्याची पद्धत मी अनेक घरांत पाहिली आहे. ती घातक आहे, कारण कूलरची हवा ओली असते. साधा पंखा पुरेसा आहे.

आयएसओ दुसऱ्या संगणकावर न्यायची असेल आणि पेनड्राइव्ह 'जागा अपुरी' असे सांगू लागला, तर जागा कमी आहे असे लगेच समजू नये. फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, मग तो ३२ जीबीचा का असेना. त्यातली माहिती आधी दुसरीकडे काढून तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा.

८. डिस्क राइट करा

इमगबर्नमध्ये आयएसओ निवडून वेग ४एक्स किंवा ८एक्स ठेवावा आणि 'व्हेरिफाय' ची खूण चालू ठेवावी. सर्वाधिक वेगाने मारलेली डिस्क संगणकावर चालते आणि जुन्या प्लेअरवर अडखळते, हा अनुभव वारंवार येतो. विंडोजमध्ये आयएसओवर उजवे बटण दाबूनही डिस्क राइट करता येते, पण तिथे वेगावर हवे तितके नियंत्रण मिळत नाही.

राइट चालू असताना लाइन गेली तर डीव्हीडी-आर कायमची वाया जाते. म्हणून भारनियमनाची वेळ पाहून, इन्व्हर्टर चालू असतानाच सुरुवात करावी आणि मध्ये संगणकावर दुसरे काम करू नये. डिस्क 'फायनलाइज' म्हणजे शेवटी कायमची बंद झाली पाहिजे. इमगबर्नमध्ये व्हिडिओ डिस्कचे ते आपोआप होते, इतर प्रोग्राममध्ये 'पुढे भर घालता येईल' अशा अर्थाचा पर्याय बंद आहे ना, हे पाहावे.

९. घरच्या प्लेअरवर लावून पाहा

टीव्हीवर माणसे उंच आणि बारीक दिसली तर डिस्क फेकू नका. रिमोटवरचे 'सेटअप' बटण दाबा आणि टीव्हीचा प्रकार पाहा. तिथे साधारणपणे तीन पर्याय असतात: '४:३ पीएस', '४:३ एलबी' आणि '१६:९'. चौकोनी टीव्हीला 'एलबी' लावावे. वर-खाली काळे पट्टे येतात, पण पूर्ण चित्र योग्य प्रमाणात दिसते. 'पीएस' लावले तर काही डिस्कच्या कडा कापल्या जातात, आणि मांडवात कडेला उभी असलेली मंडळी नेमकी त्या कडेतच असतात. सपाट टीव्हीला '१६:९' लावावे.

प्लेअर डिस्क वाचतच नसेल तर आधी बाजारातून आणलेली एखादी चांगली डिस्क लावून पाहावी. तीही अडली तर दोष प्लेअरच्या लेन्सवरच्या धुळीचा असतो. घरात कापूस साठवलेला असेल त्या दिवसांत ही तक्रार फार वाढते. बाजारची डिस्क चालते पण आपली चालत नाही, असे दिसले तर कमी वेगाने दुसरी प्रत मारावी, आणि तरीही अडल्यास दुसऱ्या कंपनीची कोरी डिस्क घ्यावी. आयएसओ जवळ आहे, त्यामुळे रूपांतर पुन्हा करावे लागत नाही. प्लेअर इतका जुना असेल की त्यावर फक्त व्हीसीडी चालते, तर वेगळ्या प्रोग्रामने ३५२×२८८ आकाराची व्हीसीडी करावी लागते. तिच्यात ८० मिनिटेच मावतात आणि चित्र बरेच फिकट दिसते.

१०. नाव लिहा आणि जपून ठेवा

डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नये. उष्णतेने ते एका बाजूने सुटते, डिस्क फिरताना तोल जातो आणि प्लेअरमध्ये अडकते. डिस्कसाठी मिळणाऱ्या मार्करने वरच्या बाजूला कार्यक्रम, गाव आणि साल लिहावे. टोकदार बॉलपेनने लिहू नये, कारण टोकाच्या दाबाने डिस्क खराब होऊ शकते.

राइट केलेल्या डिस्कमधला रंगाचा थर उन्हाने आणि उष्णतेने खराब होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून डिस्क टीव्हीवर, खिडकीत किंवा टिनाजवळच्या फळीवर ठेवू नये. डबीत घालून, उभी, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. तरीही डिस्क कायम टिकते असे समजू नये. मूळ फाइली आणि आयएसओ एका बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवाव्यात आणि त्यांची आणखी एक प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे द्यावी. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, डिस्क लावून पाहावी. ती कुठे अडखळू लागली असेल तर त्याच आयएसओवरून लगेच नवी प्रत काढावी.